पाठीचा दिवस

त्या मुलखात जंगलं अनेक होती, राजे अनेक होते, पण पाठ द्यायची रीत मात्र सगळीकडे एकच होती.

रीत साधी होती. अमावस्या उलटून चंद्राची कोर दिसली, की दुसऱ्या दिवशी ऊन माथ्यावर आलं असताना प्रत्येक राजाने आपल्या रानातल्या मोकळ्या जागी यायचं, तिथल्या वारुळाकडे तोंड करायचं आणि प्रजेकडे पाठ करून उभं राहायचं. ज्याचं गाऱ्हाणं असेल त्याने मागून यायचं आणि ते त्या पाठीला सांगायचं. राजाने वळून बघायचं नाही. आवाज ओळखला तरी ओळख दाखवायची नाही. आणि पुढची कोर दिसायच्या आत उत्तर द्यायचं. गाऱ्हाण्याची सुरुवातही ठरलेली होती. सशापासून रानडुकरापर्यंत सगळे म्हणत, "पाठ दिलीस, ऐक." राजाला एरवी महाराज म्हणावं लागे, पण पाठीला अहो-जाहो नव्हतं. तोंडाला दात असतात आणि पाठीला नसतात, एवढाच विचार त्यामागे होता. तो ज्याने कोणी केला तो शहाणा म्हणायचा.

ही रीत राजांनी आपण होऊन उचलली असेल असं कोणी समजू नये. राजे कुठले आपण होऊन काही करतात! पूर्वी गाऱ्हाणं घेऊन गेलेलं जनावर परत आलं तर आलं, अशी गत होती. मग एका उन्हाळ्यात वणवा पेटला आणि सगळी जंगलं सारखीच होरपळली. तोंडचं पाणी पळालं तेव्हा राजे एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं, की आपल्या सगळ्यांच्या मधोमध जी उघडी टेकडी आहे ती कोणाचीच नाही, तर तिच्यावर पाच पंच बसवावेत आणि आपण रीत पाळतो की नाही ते त्यांनी बघावं. जो राजा पाठ देणार नाही, जो कोणाला काही न सांगता, त्याचं काही न ऐकता रानाबाहेर काढील, त्याला पंचांनी सगळ्यांदेखत खडसावावं. राजे तसे लाजेला भीत. खडसावणं त्यांना पुरे होई.

टेकडीवर चढणाऱ्याला पायथ्याच्या ओढ्यात अंग धुवावं लागे. याला धूळ उतरवणं म्हणत. आपल्या रानाची धूळ उतरली की तो त्या रानाचा राहत नसे, तिथला राजा त्याचा कान धरू शकत नसे. हेही योग्यच होतं. नाहीतर उद्या लांडग्याने आपल्या रानातून गेलेल्या पंचाला दम भरला असता, मग कसला न्याय आणि कसलं काय.

पंचांमध्ये एक सारस होता, एक सांबर, एक वानर आणि एक साळिंदर. त्यांच्या मधोमध थोरला गवा बसे. गवा प्रचंड होता. तो बोलायचाही कमी आणि सावकाश, त्यामुळे त्याचं बोलणं खरं वाटायचं. टेकडीच्या माथ्यावर एक उंच कातळ होता. वर वारा फार, म्हणून पाचही जण त्या कातळाला पाठी टेकून ओळीने बसत. पंचांचा हुकूम ओरडून सांगायला एक कोतवाल पक्षी होता, काळा, दुभंगलेल्या शेपटीचा. त्याचा आवाज शेवटच्या जंगलापर्यंत जाई.

आणि रानोरान फिरून बघायला घारी होत्या. त्यांतली एक कपिली.

कपिली दक्षिणेच्या रानातली. तिथला राजा जांभ्या अस्वल. कपिलीने धूळ उतरवली त्या दिवशी ती ओढ्यातून निथळत वर आली आणि तिला आपण नव्याने अंड्यातून निघालो असं वाटलं. टेकडीच्या कडेला एक सावरीचं झाड होतं, तिथे तिने घर केलं. पाठीच्या दिवशी ती उंच जाई आणि घिरट्या घालत एकेका रानात नजर टाके. वरून सगळं दिसतं. एकदा जांभ्या अस्वल पाठ देऊन अगदी साळसूदपणे उभा होता, पण वारुळाच्या पुढ्यात त्याने पाण्याचं एक डबकं करून ठेवलं होतं. मागून कोण येतं ते त्याला डबक्यात दिसत होतं! बोलणाऱ्या भेकराचं तोंड त्याने पाण्यात पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून भेकराला पाणवठ्यावर कोणी उभं करेना. कपिलीने ते टेकडीवर सांगितलं. कोतवाल दिवसभर जांभ्याच्या नावाने ओरडला. अस्वलाने खाली मान घालून डबकं चिखलाने भरलं.

आपल्याच जन्मरानाच्या राजाचं पितळ उघडं पाडताना तिला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त तिला अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या साली तिला एक पिल्लू झालं. एकच. जोडीदार आधीच्या थंडीत गेला होता, त्यामुळे घास आणायचा तिनेच आणि भरवायचाही तिनेच. पिल्लाला अजून नीट पंख नव्हते, पण तोंड मात्र सावरीच्या बोंडाएवढं उघडायचं. कपिली दुसऱ्या घारींना सांगायची, "माझं पिल्लू टेकडीवर जन्मलंय. त्याला उतरवायला धूळच नाही." घारी हसायच्या.

त्यानंतरच्या पाठीच्या दिवशी तिची फेरी खाऱ्या रानावर आली. तिथल्या जमिनीतून मीठ फुटायचं. जनावराला मीठ किती लागतं ते सांगायला नको, आणि टेकडीवर तर चाटायला दगडसुद्धा खारा नव्हता. खाऱ्या रानाचा राजा बिबट्या फार अगत्यशील. तो दर महिन्याला टेकडीवर खारी ढेकळं पाठवी, आणि पंच ती चाटत बसत. बिबट्याने पाठ दिली होती खरी, पण ती झाडाच्या शेंड्याजवळच्या फांदीवरून. खाली एक म्हातारं चितळ मान उंच करून ओरडत होतं, "पाठ दिलीस, ऐक." ते वरपर्यंत पोचतच नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसला प्रकार. कपिलीने टेकडीवर येऊन पाहिलं तसं सांगितलं.

गवा म्हणाला, "बरं."

कोतवाल काही ओरडला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. कपिलीने वाट पाहिली आणि मग त्याला सहज विचारलं, "अरे, बिबट्याचं काय झालं?"

"विचार चालू आहे," कोतवाल म्हणाला.

"जांभ्याच्या वेळी तर तू सूर्य मावळेपर्यंत ओरडत होतास."

"प्रत्येक गोष्ट वेगळी असते, कपिली."

तिने पुन्हा विचारलं नाही. एकदाच विचारलं होतं. पण काही ठिकाणी एकदाच पुरतं.

थोड्या दिवसांनी ती पिल्लासाठी सरडा शोधायला खाली गेली होती. परत येताना ओढ्यावरच कोतवाल भेटला. तो एका दगडावर बसला होता आणि तिच्या डोळ्यांत न बघता बोलत होता.

"तू आता टेकडीची नाहीस."

कपिलीला वाटलं, थट्टा करतोय. चोचीतला सरडा तसाच धरून ती थांबली. मग तिने तो पायाखाली दाबला आणि विचारलं, "म्हणजे?"

"तुझ्याविरुद्ध बोलणं आलंय. पंचांनी निर्णय दिला. ओढ्याच्या वर यायचं नाही."

"कोण बोललं?"

"ते सांगता येत नाही."

"बरं, कोण ते नको सांगू. काय बोललं?"

"काय ते सांगितलं तर कोण ते कळेल."

"अरे पण मला कोणी विचारलं का? माझं कोणी ऐकलं का? राजांना आपण हेच सांगत फिरतो ना?"

"ते राजांना," कोतवाल म्हणाला. "जंगलांसाठी रीत आहे. टेकडी जंगल नाही." तो हे चिडून म्हणाला नाही. उलट त्याच्या आवाजात थोडी कणव होती, आणि त्या कणवेचाच तिला जास्त राग आला.

"माझं पिल्लू वर आहे."

कोतवालाने इथे मात्र मान वळवून सावरीकडे पाहिलं. "पिल्लाविरुद्ध काहीच बोलणं नाही," तो म्हणाला. "ते खुशाल राहू शकतं."

असली गोष्ट एखाद्या राजाने केली असती तर कपिलीनेच त्यावरून आभाळ डोक्यावर घेतलं असतं. आता ती ओढ्याच्या अलीकडे बसून राहिली. घारीची नजर तीक्ष्ण असते, हा त्या दिवशी तिला शाप वाटला. पिल्लू तोंड उघडत होतं ते तिला खालून स्वच्छ दिसत होतं.

हद्दीवर घारीच पहारा देत होत्या, कालपर्यंत तिच्याबरोबर उडणाऱ्या. त्यातली एक अगदी डोक्यावरून गेली. कपिलीने हाक मारली. तिने ऐकलं असणार, कारण तिचा एक पंख किंचित चुकला, पण ती गेली तशीच पुढे. संध्याकाळी त्याच घारीने सावरीवर एक उंदीर टाकलेला कपिलीला दिसला. तेवढंच. दुसऱ्या दिवशी ती घार पहाऱ्यावर नव्हती, आणि मग सावरीवर कोणी काही टाकलं नाही.

कपिली जांभ्या अस्वलाकडे गेली. दुसरीकडे जाणार कुठे?

अस्वल मोहाच्या झाडाखाली बसलं होतं. तिला बघून त्याने डोळे बारीक केले. "या, या! डबकं बघायला आलीस का? बुजवलंय हो. पाय मारून बघ हवं तर."

"महाराज, माझं गाऱ्हाणं आहे."

"माझ्याविरुद्ध?"

"टेकडीविरुद्ध."

अस्वलाचं हसू मावळलं. तिने सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि मधेच मातीत नखाने रेघा ओढत राहिला.

"तू धूळ उतरवलीस ना, कपिली," तो शेवटी म्हणाला. "त्याच वेळी तू माझी प्रजा राहिली नाहीस. तुझं गाऱ्हाणं मी ऐकलं, तर उद्या कोतवाल ओरडेल की जांभ्याने टेकडीच्या कामात नाक खुपसलं. आणि खरं सांगू? रीतीप्रमाणे त्याचं बरोबरच असेल."

"मग मी कोणाची?"

अस्वलाने डोकं खाजवलं. "अगं, ते राहू दे. सरळ उडत जा आणि पिल्लाला घास दे. चार घारी आडव्या येतील, येऊ देत. आई आहेस ना तू?"

"गेले, तर मी रीत मोडली असं होईल. मग ते म्हणतील, बघा, ही अशीच होती. मी आजवर कधी..." तिने टेकडीच्या दिशेने पाहिलं. "पाठीचा दिवस जवळ आलाय. त्या दिवशी कोणालाही बोलता येतं. मी ओढ्यावर उभी राहून बोलेन. त्यांना ऐकावंच लागेल. रीत त्यांनीच तर सांभाळलीय इतकी वर्षं."

अस्वलाने रेघा ओढणं थांबवलं. "पोरी, तुझा फार विश्वास आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात या वेळी टोमणा नव्हता.

ती परतली. ओढ्याच्या काठावर एका वाळक्या बाभळीवर तिने मुक्काम केला. दक्षिणेच्या रानातल्या घारी तिला पाहून दुसरीकडे उडत, कारण ती आता त्यांची नव्हती. टेकडीच्या घारी तर तिकडे बघतच नव्हत्या. ती अधूनमधून मोठ्याने पिल्लाशी बोले. "थांब रे, आता थोडंच," ती म्हणे. आवाज वरपर्यंत जात होता की नाही कोण जाणे. पिल्लू आधी तिच्या दिशेने मान वळवायचं. मग त्याची मान घरट्याच्या काठावर टेकलेली असायची.

चंद्राची कोर दिसली. दुसऱ्या दिवशी ऊन माथ्यावर आलं. कोतवाल उंच उडाला आणि त्याने नेहमीसारखी हाळी दिली, "राजे हो, पाठ द्या! कोणाला न ऐकता घालवू नका!" रानारानांतून राजे पुढे आले आणि वळून उभे राहिले. कपिली ओढ्याच्या दगडावर, अगदी पाण्याच्या कडेला उभी राहिली, तिने टेकडीकडे पाहिलं, आणि तिला सुरुवात करता येईना.

गाऱ्हाणं पाठीला सांगायचं असतं. वर पाचही जण ओळीने बसले होते, तोंडं बाहेर करून, पाठी कातळाला टेकवून. ती या टेकडीवर इतके दिवस राहिली, इतक्या राजांच्या पाठी तिने वरून न्याहाळल्या, पण गव्याची पाठ तिने एकदाही पाहिली नव्हती. कोणीच पाहिली नव्हती.

तरीही ती बोलली. "पाठ दिलीस, ऐक," असं कसं म्हणणार? म्हणून ती नुसतंच म्हणाली, "ऐका! माझं एवढंच ऐका!" सारसाने मान लांब केली आणि मग पंखात घातली. साळिंदर आपले काटे नीट करत बसला. गव्याने तिच्याकडे पाहिलं, सरळ, बराच वेळ. मग तो कोतवालाला काही तरी म्हणाला. कोतवाल खाली आला.

"टेकडीवरचं गाऱ्हाणं टेकडीवरच्यांनीच करायचं असतं," तो म्हणाला. "तू टेकडीची नाहीस."

"पण मला तुम्हीच काढलंत! त्याचंच तर गाऱ्हाणं आहे!"

"टेकडीची असतीस तर ऐकलं असतं," कोतवाल म्हणाला, आणि यात काही विचित्र आहे असं त्याच्या चेहऱ्यावर जराही दिसलं नाही.

तेव्हा कपिली उडाली. तिने कोतवालाला बाजूला सारलं, ओढा ओलांडला, आडव्या आलेल्या घारींमधून वाट काढत ती भर उन्हात, सगळ्यांदेखत सावरीवर पोचली. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिने काहीही विचार केला नाही.

घरटं रिकामं होतं. पिल्लू झाडाखाली पडलं होतं. खाली, ओढ्याच्या बाजूला, जिकडून आवाज येत होता तिकडे झेपावायचा प्रयत्न त्याने केला असावा. अजून त्याला नीट पंख नव्हते.

ती त्याच्याजवळ बसली. तिने त्याच्या अंगावरची माती चोचीने झाडली. वर कोतवाल ओरडायला लागला होता. "कपिली घारीने हद्द ओलांडली! कपिली घारीने रीत मोडली!" त्याचा आवाज शेवटच्या जंगलापर्यंत गेला. तिच्याविरुद्ध काय आहे, ते तिला आता पहिल्यांदा कळलं.

ती टेकडीच्या मागच्या बाजूला उतरली. तिथे एक घळ होती. ती कुठल्याच रानात मोडत नव्हती आणि ओढ्याने आखलेल्या हद्दीतही येत नव्हती, म्हणून तिथून तिला हाकलायला कोणी आलं नाही. एका बाजूने तोच उंच कातळ सरळ खाली आला होता. पलीकडे पंच त्याला टेकून बसतात आणि अलीकडे ही घळ, हे तिला कधी जाणवलं नव्हतं. घळीत एक बुजत आलेली पायवाट होती, ती कातळाशी येऊन संपत होती. आणि तिथे कातळ तोंडं लावून लावून गुळगुळीत झाला होता. एक जागा खाली, मुंगसाच्या तोंडाच्या उंचीवर, एक जरा वर, आणि एक बरीच वर, सांबराचं नाक पोचेल तिथे. तिथे आत्ता कोणी नव्हतं. तिने हाक मारून पाहिली. आधीचे सगळे गेले कुठे, ते कळायला मार्ग नव्हता.

कपिली तिथेच राहिली. सवयीने म्हणा, वेडाने म्हणा, पुढच्या पाठीच्या दिवशी ती पुन्हा उंच गेली आणि तिने जांभ्याच्या रानावर नजर टाकली. वारुळापुढे काही तरी चमकलं. अस्वलाने डबकं परत केलं होतं. टेकडीच्या घारीने दटावलं तेव्हा तो म्हणाला, "आधी पंचांना कातळापासून उठून पाठ द्यायला सांग, मग मी डबकं बुजवतो." घार तशीच परत फिरली. ही गोष्ट रानोरान गेली, आणि राजांनी ती फार आवडीने ऐकली. त्यापुढच्या खेपेला लांडग्याच्या रानातही चमकलं. मग पाणथळीतही. मग कपिली वर गेली की उन्हात जिथे तिथे पाणी लखलखायचं, आणि कोणत्याही मोकळ्या जागेत राजाच्या मागे कोणी उभं नसायचं.

ती खाली येई, कातळातल्या एका गुळगुळीत जागेला चोच लावी आणि जे पाहिलं ते सगळं सांगे. अमुक रानात डबकं, तमुक रानात बिबट्या फांदीवर. ते तिचं काम होतं. शेवटी ती पिल्लाचं सांगे. कातळ उन्हाने तापलेला असे. पलीकडून उत्तर येत नसे. तरी पुढची कोर दिसेपर्यंत ती वाट बघे, कारण उत्तराला तेवढी मुदत असते.

एकदा असंच ती कातळाच्या वरच्या कपारीत बसली होती, तेव्हा पलीकडून कोतवालाचा आवाज आला. तो कोणाशी तरी बोलत होता.

"ते सांगता येत नाही."

मग पुन्हा कोतवाल, "काय ते सांगितलं तर कोण ते कळेल."

दुसरा आवाज कमी आणि सावकाश बोलत होता. तो काय म्हणाला ते कपिलीला ऐकू आलं नाही. कोतवाल म्हणाला, "टेकडी जंगल नाही," आणि उडून गेला.

दुपार कलायला लागली तेव्हा त्या पायवाटेने थोरला गवा खाली आला. त्याचे पाय घळीतल्या दगडांवर अडखळत होते. त्याला कपिली दिसली नाही. इतकी वर्षं समोरून येणाऱ्यालाच बघायची सवय, वर कपारीत कोण बघतो? तो आपल्या जुन्या रानाकडे जाऊन आला असावा आणि तिथेही त्याला कोणी आपलं म्हटलं नसावं, कारण त्याच्या अंगावर कसलीच धूळ नव्हती आणि चेहऱ्यावर कपिलीला ओळखीचं काही तरी होतं. घळ संपली तिथे तो थांबला. त्याला कातळावरच्या गुळगुळीत जागा दिसल्या. तो एकेक बघत गेला. सगळ्यात वरची त्याच्या नाकाच्या बरोबर समोर आली.

गवा कातळाकडे तोंड करून उभा राहिला. त्याने नाक त्या जागेला लावलं आणि तो हळू आवाजात बोलायला लागला. एवढा मोठा प्राणी, पण आवाज अगदी एखाद्या वासराचा.

त्याची पाठ घळीकडे होती. कपिलीने ती पहिल्यांदाच पाहिली. ती मोठी होती, पण वाटली होती तेवढी नव्हती. मधोमध, जिथे ती इतकी वर्षं कातळाला टेकली होती तिथले केस झडून गेले होते आणि कातडी उघडी पडली होती. तिच्यावर माश्या बसत होत्या आणि त्यांना हाकलायला त्याची शेपटी तिथपर्यंत पोचत नव्हती.

कपिली कपारीतून उतरली. पंखांचा आवाज होऊ न देता ती त्याच्या मागे जमिनीवर येऊन बसली. बोलायचं तिच्याकडे खूप होतं. आधी तिने ती पाठ नीट पाहून घेतली. ऊन माथ्यावरून कललं होतं आणि दिवसही पाठीचा नव्हता.

"पाठ दिलीस," ती म्हणाली, "ऐक."

गव्याचं बोलणं थांबलं. त्याने आवाज ओळखला. त्याचे कान मागे वळले, पण तो वळला नाही.